विष्णुपंतांची बीएसए

१९९१ साली अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर विष्णुपंत वीस वर्षांपूर्वी विकलेली आपली बीएसए मोटारसायकल शोधायला निघाले. उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या सिंधी मेकॅनिकला ती अजून आठवत होती.

"कुळगावच्या चांगुणा सुईणीकडे आहे, साईं," तो म्हणाला.

चांगुणाबाई अंगणात गाडीला किक मारत होत्या. नवरा गेल्यावर त्या स्वतःच चालवायला शिकल्या होत्या.

"ही गाडी परत मागायला आलोय," विष्णुपंत म्हणाले.

"मग बोलू. मुळगावात बाई अडलीय. बसा मागं!"

आपल्याच गाडीवर ते पहिल्यांदा मागे बसले. दुपारी मुळगावात मुलगी झाली आणि त्यांच्याही हातावर गूळ पडला. गाडीचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच नाही.

घरी पत्नीने विचारलं, "सापडली का?"

"सापडली. चांगल्या घरी पडलीय."