एकसष्टावी गाठ

सोमवारी इरमनं गाईडचं वचन घेतलं आणि शाळेच्या स्काऊट-गाईड पथकाच्या दोराला आपली गाठ मारली. एकसष्टावी! घरी जाऊन अब्बांना सांगताना ती अक्षरशः उड्या मारत होती. अब्बा मतीनभाई विकायचे पेरू पुसता पुसता हसले. "माजी नववी हाय त्या दोरात. बघितलीस का?"

दिंद्रुडमध्ये या दोराला मोठा मान. पथक निघालं त्याच्या दुसऱ्याच वर्षी ओढ्याच्या पुरात अडकलेली सात माणसं मुनव्वर सरांच्या पोरांनी या चाळीस हात दोरानं काढली होती. तेव्हापासून वचन घेतलं की दोराला गाठ मारायची, अशी रीतच पडली. जत्रेत हरवलेलं लेकरू शोधायचं असो की बाजारात पाणी वाटायचं, गाव आधी पथकाला हाक मारायचं. सर रिटायर झाले, पण पथक सोडलं नाही. दोर मात्र काचेच्या कपाटात, वेटोळं घालून. झेंड्याच्या दिवशी त्याला हार.

बुधवारी बाजार होता, शिवारात चिटपाखरू नव्हतं. इरम आणि अदिबा मैदानात शिट्ट्यांचे इशारे घोकत होत्या, तेवढ्यात बबिता पळत आली. ती यांच्याच पथकातली, मेंढपाळाची लेक.

"आमची मोगरी हिरीत पडली! गाभण हाय गं! रामेश्वरदादा पाइप धरून उतरलाय. मी सुंदररावच्या वस्तीवरून ट्रॅक्टरचा दोर आनते."

"येडी का तू? तितक्या लांब?" इरमनं तिचा हात धरला. "आपला दोर हितं शाळेत हाय की! सात माणसं काढलीत त्यानं. तुजी शेळी काय लई जड हाय का?"

बबिता थांबली.

इरम ऑफिसकडे सुसाट सुटली. कपाटाची किल्ली शोधण्यात वेळ गेला, पण सर स्वतः दोर खांद्यावर टाकून या वयात पळाले.

शाळेमागच्या त्या विहिरीला पायऱ्या नाहीत. खाली रामेश्वर एका हातानं पाइपला लोंबकळलेला, दुसऱ्या हातानं मोगरीची मान पाण्यावर धरलेली. सरांनी दोर सोडला. गाठीमागून गाठ काठावरून घसरत गेली, आणि दोर संपला.

"अजून सोडा!" रामेश्वर ओरडला.

"संपला!"

"चेष्टा करताव का, सर? माज्या डोक्यावर पुरुषभर हाय अजून दोर!"

सर हातातल्या टोकाकडे बघतच राहिले. एकसष्ट गाठींनी किती दोर खाल्ला, हे चाळीस वर्षांत कुणी मोजलंच नव्हतं. बबितानं इरमकडे एकदा पाहिलं आणि ती वस्तीकडे पळाली.

इरमनं दोर वर ओढून स्वतःची गाठ सोडली. वीतभर दोर मिळाला. पुढची सुटेना. सरांनी दात लावले, तरी सुटेना. मग सर, इरम आणि अदिबा, तिघांनी गळ्यातले स्कार्फ काढून टोकाला जोडले. रामेश्वरनं कसाबसा एका हातानं शेळीच्या पोटाखाली वेढा दिला. "वढा!" तिघांनी जीव खाऊन ओढलं. मोगरी हातभर वर आली आणि टर्रकन स्कार्फ फाटला.

"दादा, धर! धर तिला!"

"धरतोय की! हातच राह्यला न्हाई गं मला..."

मग पाण्यात नुसते बुडबुडे. रामेश्वर पाइपवरून चढून आला आणि काठावरच पालथा पडला. इरमला रडावंसं वाटत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही, हेही तिला कळत होतं.

बबिता ट्रॅक्टरचा दोर घेऊन आली, मागं तिची आई दगडाबाई. त्या दोरानं मोगरीला काढलं. तिचं पोट पाण्यानं अजूनच मोठं दिसत होतं. दगडाबाईनं तिच्यावर पदर टाकला आणि सरांकडे वळली. "बसा सर, पानी प्या. लई दमलाव."

सर बसले नाहीत. पाणीही घेतलं नाही.

इरम विहिरीच्या काठावर बसून अब्बांची नववी गाठ सोडवत होती. नख उचकटलं, रक्त आलं, गाठ दगडासारखी तशीच.

दगडाबाई जवळ आली. "आता कशापायी सोडतीस, बाई?"

 इरमनं दुसरं नख लावलं.