चिठ्ठीत आलेली बाजू

वादविवाद स्पर्धेत कोणी कोणत्या बाजूने बोलायचं, हे महाडच्या कॉलेजात चिठ्ठ्या टाकून ठरायचं. २००७ साली विषय होता, 'वाढतं तापमान हा निसर्गचक्राचाच भाग आहे'. तुडीलची अफशा आणि पोलादपूरची निशिगंधा, दोघी भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला. लायब्ररीतली होती नव्हती तेवढी मासिकं दोघींनी मिळून उपसली होती आणि दोघींचं मत एकच झालं होतं. पूर्वी निसर्गाने हवामान बदललं असेल, पण आत्ताची ही वाढ माणसाने कोळसा आणि तेल जाळून ओढवून घेतलेली आहे. चिठ्ठ्या उघडल्या. निशिगंधाला विरोधाची बाजू आली आणि अफशाच्या वाट्याला नेमकी नको ती.

"सर, बदलून द्या ना. मला हे पटत नाही."

"पटायला कोण सांगतंय? बोलायला सांगतोय," सर म्हणाले.

मग अफशा बोलली, आणि अशी बोलली की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही गप्प झाली. हिमयुगं आली नि गेली, तेव्हा कुठे होत्या मोटारी? सहारात एकेकाळी गवत होतं, ते कुठल्या कारखान्याने वाळवलं? सूर्यावरचे डाग, ज्वालामुखी, सगळं तिने आणलं, आणि शेवटी हात वर करून म्हणाली, "अरे माणसा, त्या सूर्यापुढे तुझी काय मातब्बरी!" टाळ्यांनी हॉल दणाणला. निशिगंधाची बाजू खरी होती, पण ती आकड्यांनी भरलेली. दुसरा मुद्दा संपायच्या आत घंटा वाजली.

"मुद्दाम वाईट बोलायला हवं होतंस तू," एसटी स्टँडवर निशिगंधा म्हणाली.

"तू बोलली असतीस?"

"नसते बोलले," निशिगंधा म्हणाली आणि मागे वळून न बघता पोलादपूरच्या गाडीत चढली.

प्रकरण तिथे संपलं असतं, पण कॉलेजने स्पर्धेचं शूटिंग केलं होतं. अफशाच्या अब्बांनी, अझीमभाईंनी, ती कॅसेट मिळवून केबलवाल्या सहदेवकडे दिली. कुवेतला गाडी चालवून परत आलेला आणि आता स्वतःचे टेम्पो असलेला माणूस, लेकीचं कौतुक नको करायला? सहदेव दोन सिनेमांच्या मध्ये ते भाषण लावू लागला. भाजीबाजारात बायका अफशाला थांबवायच्या, "अगो, तूच ना ती टीव्हीतली सूर्यवाली?" कशेडी घाटात चहाला थांबलेले ड्रायव्हर एकमेकांना सांगायचे, गाडीच्या धुराने कायपण होत नाय, अझीमभाईंच्या पोरीनं सगळं समजावलंय. हे अब्बा जेवताना हसत हसत सांगत, आणि अफशा ताट बाजूला सारायची.

"अब्बा, ती माझी बाजू नव्हती. ते बरोबर नाही."

"मग येवढ्या लोकांनी टाळ्या कशाला वाजवल्या?"

पावसाळ्याच्या तोंडावर तुडील गावात सभा भरली. दोन वर्षांपूर्वीच्या पुरात शाळेच्या नदीकडच्या खोल्या पडल्या होत्या. नव्या खोल्या जुन्याच जागी बांधायच्या की वर माळावर, एवढंच ठरवायचं होतं. माळावर जायला चढ लागतो, तिथे पाण्याची सोय नाही, म्हणून बरेच जण कुरकुरत होते. त्यात अब्बासचाचा उभे राहिले. अझीमभाईंचे थोरले भाऊ, गावात शब्दाला वजन.

"पूर येतात, जातात. हे निसर्गाचं चक्र हाय. मी नाय म्हणत, आपल्या अफशानं टीव्हीवर सिद्ध केलंय. मोठा पूर येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाय यायचा. उगाच पोरांना डोंगर कशाला चढवताय?"

सगळ्या माना अफशाकडे वळल्या. ती उठली तेव्हा तिचे कान तापले होते.

"चाचा, ती बाजू मला चिठ्ठीत आली होती. मला स्वतःला तसं वाटत नाही."

"म्हंजे खोटं बोललीस तू?"

"खोटं नाही. हिमयुगं आली होती, पण ती यायला-जायला हजारो वर्षं लागली. आत्ताची वाढ शंभरेक वर्षांतली आहे. सूर्य तापत असता तर दिवस जास्त तापले असते. उलट रात्रीच जास्त ऊबदार होत चालल्यात. धुरातला वायू पांघरुणासारखा..."

"पांघरूण?" कोणीतरी मागून म्हणालं. "मे महिन्यात?"

सभा हसली. स्पर्धेत जीभ सुरीसारखी चालली होती, आणि आज खरं बोलायचं होतं तर शब्द पायात पाय अडकल्यासारखे पडत होते. गरम हवेत वाफ जास्त मावते, म्हणून एकदम कोसळणारा पाऊस आता जास्त वेळा येऊ शकतो, हे ती सांगू लागली तोवर शेजारच्या राहीबाई मायेने म्हणाल्या, "टीव्हीवर बोललीस तसं बोल गो. ते कसं झ्याक समजत होतं."

अफशाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं.

"बरं, चक्र तर चक्र!" ती ओरडलीच. "चाचा, चक्र म्हणजे काय? फिरून येतं ते! मग माझं टीव्हीवरचं खरं माना नाहीतर आजचं, पाणी परत येणारच आहे. कुठल्या हिशेबाने शाळा नदीला लावताय?"

अब्बासचाचांनी दाढीवरून हात फिरवला. मग पाण्याच्या सोयीचा विषय पुन्हा निघाला आणि निर्णय पुढे ढकलला गेला.

दुसऱ्या दिवशी अफशा महाडला सहदेवकडे गेली. सोबत निशिगंधा होती. बोलावल्यावर ती आली, फार काही न विचारता. ते भाषण बंद करा, नाहीतर आमचं दोघींचं नवीन लावा, असं अफशाने सांगितलं. सहदेव चांगला माणूस. त्याने रेकॉर्डिंग केलं, दोघींना चहा पाजला आणि शुक्रवारी दुपारी ते लावलंही. शुक्रवारी दुपारी महाडात भारनियमन असायचं.

"लोक जुनंच मागतात," नंतर दोघी विचारायला गेल्या तेव्हा तो म्हणाला. "त्यात जोर हाय. ह्यात तुम्ही दोघी रागावल्यासारख्या दिसता."

"रागावलोच आहोत," निशिगंधा म्हणाली.

दिवाळीनंतर खोल्यांचं काम सुरू झालं, जुन्याच जागी. पुढच्या शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेली अफशा सुट्टीत घरी आली तेव्हा अब्बासचाचा मुद्दाम तिला तिथे घेऊन गेले. जोत्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ. तुझं ऐकलंय मी. भांडून दोन फूट वर घेतलंय."

मागच्या पुरात पाणी खिडक्यांच्या वर गेलं होतं. ते चाचांनाही ठाऊक होतं, ते स्वतःच कौलांवर बसून राहिले होते. तरी त्यांच्या चेहऱ्यावर केवढं कौतुक होतं.

"दोन फुटांनी काय होणार चाचा?" अफशा म्हणाली.

"काय नाय त्यापेक्षा बरं ना?" चाचा जरा दुखावून म्हणाले आणि गवंड्याला हाक मारायला पुढे गेले. अफशा जोत्याशीच उभी राहिली. तिला माळ हवा होता.