पल्स सांगणारं कुणी नव्हतं

पॅरामेडिकलच्या दुसऱ्या वर्षात कांचनचा हात धरेल असं कुणी नव्हतं. म्हणजे सरावाच्या रबरी पुतळ्यावर. पुतळ्याला नाडी नव्हती. हिने त्याच्या मानेवर बोटं ठेवून "पल्स?" विचारायचं, मागे उभ्या नीळकंठ सरांनी "नहीं है" म्हणायचं, की ही छाती दाबायला मोकळी. प्रॅक्टिकलला पहिली आली. तिच्या वडिलांनी, प्रभाकररावांनी, सांगून सांगून हिंदी मुलखातल्या त्या सगळ्या टाउनशिपचे कान किटवले.

गणपतीत मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आरती संपता संपता शेजारचे गजाननकाका धाडकन पडले.

"हटो, हटो! हमारी कांचन देखेगी!" प्रभाकररावांनी गर्दी मागे सारली. आवाजात काळजी होती, पण खोटं कशाला बोला, थोडा तोराही होता.

कांचन गुडघ्यांवर बसली. काकांच्या मानेवर अगदी बरोबर जागी बोटं ठेवली, मागे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "पल्स?"

ती उत्तराची वाट बघत राहिली.

"मला काय विचारतेस, बेटा? तूच सांग ना," प्रभाकरराव हळूच म्हणाले.

कुसुमकाकू नवऱ्याचे पाय चोळत तिच्या तोंडाकडे बघत होत्या. कांचनला बोटांखाली काहीतरी लागत होतं, पण ते काकांचं की आपल्याच बोटांतलं, कळेना. छाती दाबावी की नाही? दवाखान्याची गाडी येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.

काकांची शुगर उतरली होती. आरतीआधी खाणार नाही, हा त्यांचा हट्ट. ग्लुकोज चढलं आणि ते शुद्धीवर आले. दुसऱ्या दिवशी कांचन भेटायला गेली तर हसून म्हणाले, "अगं, तुझं ऐकू येत होतं मला. जीभच हलेना, नाहीतर मीच सांगितलं असतं, आहे म्हणून!"

काकूही हसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. काकूंनी हातावर ठेवलेला मोदक तिला लाजेने गिळवेना.

सोमवारी लॅबमध्ये तिने पुतळ्याच्या मानेवर बोटं ठेवली. सवयीने सरांनी तोंड उघडलं.

"सर, मत बताइए," ती म्हणाली. उठून तिने शेजारी उभ्या वंदनाच्या मानेवर बोटं ठेवली. वर्ग खिदळला. तिचे कान तापले, तरी तिने बोटं काढली नाहीत.

"है," ती शेवटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. अगदी हेच काकांच्या मानेत लागलं होतं.