सोबत्याच्या मानेवरचं मलम

मी बोलतोय तो पारदर्शक पेटीतून. मी एक उंदीर. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या एका प्रयोगशाळेत जन्मलो, तिथंच वाढलो. बाहेर पाऊस आहे हे मला आमची देखभाल करणाऱ्या नेरिडाच्या ओल्या बुटांवरून कळतं.

वयात आलो आणि एका सकाळी भूल देऊन माझे वृषण काढून टाकले. माणसं मर्दपणा फार मिरवतात. माझा चार टाक्यांत आटोपला. राग आला, पण रागालासुद्धा वृषणातलं हार्मोन लागत असावं, कारण तो काही टिकला नाही.

शरीर अन्न जाळतं तेव्हा ठिणग्या उडतात. त्या विझवणारे पहारेकरी रक्तात आणि यकृतात असतात. पुरुषाचं हार्मोन गेलं की हे पहारेकरी कमी होतात का, एवढंच या मंडळींना बघायचं होतं. माझ्यासारखीच गत झालेल्या लॅमिंग्टन या उंदराच्या मानेवर नेरिडा रोज हार्मोनचं मलम चोळायची. माझ्या मानेवर औषधाविना नुसतंच मलम. लॅमिंग्टन आणि पाव्लोवा ही केकची नावं तिनंच आम्हाला गुपचूप ठेवलेली. पाव्लोवा म्हणजे मी.

एकटा उंदीर झुरतो, म्हणून तिनं आम्हा दोघांना एकाच पेटीत ठेवलं. आणि आमच्यात रीत अशी, की सोबत्याची मान आपण चाटून साफ करायची. स्वतःची मान स्वतःला कुठं चाटता येते? लॅमी मान खाली घालायचा, डोळे मिटायचा. मला तेवढंच सुख होतं.

मग माझं रक्त तपासलं. पहारेकरी भरपूर!

"ह्याला हार्मोन नाही, मग हे कसं? हा काय जिमला जातो?" नेरिडाची वरिष्ठ ग्वेनिथ करवादली.

"रक्ताच्या नळ्यांची अदलाबदल झालेली नाही गं, शपथ!" नेरिडा म्हणाली आणि आमच्या पेटीसमोर ठाण मांडून बसली. मी नेहमीसारखा लॅमीची मान चाटायला लागलो.

"अगं बाई! हा चोर त्याचं औषध चाटतोय!" ती खो खो हसली.

ग्वेनिथ मात्र हसली नाही. "एकत्र ठेवायची अक्कल कुणाची?"

"माझी. एकटे पडले की खंगतात बिचारे."

"मग माझा सगळा प्रयोग खंगू दे, असंच ना? वेगळं कर त्यांना."

नेरिडानं मला उचललं. "सॉरी रे पॅव," ती पुटपुटली.

आता लॅमी शेजारच्या पेटीत आहे. दिसतो, पण वास येत नाही. त्याच्या मानेवरचे केस चिकट होऊन गुंतलेत. मी मधली भिंत चाटून पाहिली. तिला कसलीच चव नाही. दिवसभर मी त्याच कोपऱ्यात बसतो, आणि तोही.

नेरिडा, लवकरच तू पुन्हा माझं रक्त घेशील. या खेपेला पहारेकरी कमी भरतील, ग्वेनिथ खूश होईल. पण एक कर. त्यातले किती हार्मोनअभावी गेले आणि किती लॅमीवाचून, तेही एकदा मोजून बघ.