दहा माणसांची माफी

मी एक जुना शोफार आहे. शोफार म्हणजे ज्यू लोकांच्या प्रार्थनेत फुंकायचे मेंढ्याचे शिंग. मेंढ्याला कुणी विचारले नव्हते, मलाही नाही. कारागिराने मला उकळले, आतला गाभा ओढून काढला, टोक कापले आणि भोक पाडले. "आता हा झोपलेल्यांना जागं करील," असे तो मोठ्या कौतुकाने म्हणाला. मित्रांनो, झोपेचे सोंग घेतलेल्याला जागे करता येत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुणी सांगितले नसावे.

मला फुंकायचा तो एक शिंपी. सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनामंदिरात, त्याच्यासारखा दम कुणाचा नव्हता. उपासाच्या मोठ्या दिवसाआधी महिनाभर सकाळच्या प्रार्थनेला मी वाजे. लोकांनी आपले अपराध आठवावेत आणि पश्चात्ताप करावा, यासाठी. "काय फुंकतोस रे! काळीज हलतं," म्हणत म्हातारे डोळे पुसत. सुरुवातीला मलाही अभिमान वाटे.

या शिंप्याचा थोरला भाऊही शिंपीच. दोघे एकाच दुकानात शेजारी शेजारी बसत. पुढे दुकाने वेगळी झाली, तेव्हा धाकट्याने गिऱ्हाइकांच्या कानात हळूच सोडून दिले, "दादाची नजर गेलीय. बाह्या उलट्या लावतो." नजर चांगली ठणठणीत होती. पण थोरल्यावर माशा मारायची वेळ आली आणि शेवटी त्याने मशीन झाकून ठेवले.

धाकट्याला हे खुपत नव्हते असे नाही. दर वर्षी उपासाच्या दिवशी तो छाती बडवून रडायचा. थोरला मागच्या बाकावर बसून ते ऐकायचा. ते रडणे आपल्यासाठी आहे, हे त्याला कोण सांगणार? त्यांच्या धर्मात एक कडक नियम आहे. देवाशी चुकलात तर देव माफ करतो, पण माणसाचा अपराध केलात तर आधी त्या माणसाची माफी मागावी लागते. शिंप्याला हा नियम तोंडपाठ होता.

त्याची बायको म्हणे, "अहो, आधी दादांकडे जाऊन या ना."

"देवाला सगळं कळतं गं."

"देवाला कळतं हो. दादांना कुठं कळतं?"

दादाचे घर पलीकडच्याच गल्लीत होते. शिंपी मला पुसून पिशवीत घालायचा आणि सरळ सिनेगॉगला जायचा.

एका उन्हाळ्यात थोरला वारला.

मेलेल्याची माफी मागायचीही रीत आहे. दहा माणसे घेऊन कबरीपाशी जायचे आणि सगळ्यांदेखत आपला अपराध बोलायचा; मग मेलेल्याच्या वतीने ते दहा जण तीनदा माफी देतात. शिंपी सकाळच्या प्रार्थनेतली माणसे घेऊन गेला. मी त्याच्या काखेतल्या पिशवीत होतो. "दादा, तुझी नजर चांगली होती. मी खोटं बोललो," तो म्हणाला. "माफ केलं, माफ केलं, माफ केलं," दहा जण म्हणाले. त्यांचे काय जात होते? एकाला दुकान उघडायची घाई होती, तो घड्याळ बघत होता.

तिथून तो वहिनीकडे गेला आणि दारातच कबरीपाशी जाऊन आल्याचे सांगितले. वहिनीने त्याला आत ये म्हटले नाही.

"उपासाच्या आदल्या दिवशी हे घरातून हलायचे नाहीत," ती म्हणाली. "म्हणायचे, धाकटा येईल. आज दहा जण घेऊन गेलात म्हणे, भाऊजी. एकटे आला असतात तरी चाललं असतं."

त्या वर्षी मला फुंकताना शिंप्याचा दम मधेच तुटला. तेव्हापासून मी कपाटात पडून आहे. आतून बुरशी धरलीय. त्याची मला खंत नाही.

मित्रांनो, मला नीट जपा असे मी सांगणार नाही. शिंगे पुष्कळ मिळतात. कुणाचे वाईट केले असेल, तर तो ऐकू शकतो तोवर त्याच्याकडे जा. माझ्या आवाजाने रडणारे मी खूप पाहिले. रडून झाल्यावर उठून त्या माणसाच्या दारात गेलेला एकही पाहिला नाही.