उघडणाऱ्या दाराची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, पण मला चालायला रस्ता लागत नाही, एक तळहात पुरतो. खऱ्या मोटारीचे त्रेचाळीस भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी माझी लांबी. अंगाने मात्र मी अस्सल धातूची आहे. मला पहिल्यांदा उचलणारा माणूस "अरे, जड आहे की!" असेच म्हणतो. ते ऐकून मला आजही बरे वाटते.

माझा जन्म अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसच्या बाहेर, पत्र्याच्या छपराखालच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले जस्त पोलादी साच्यात जोराने दाबायचे आणि क्षणभराने गाडी बाहेर काढायची, असे ते काम. साचा थकत नसे. दिवसाला माझ्यासारख्या शेकडो बहिणी जन्माला येत. एवढ्या घाईत बारकाव्यांचे लाड कोण करणार? दिवे म्हणून रंगाचे दोन ठिपके दिले, दारावर कुणाचाच नसलेला आकडा छापला आणि अंगाला लाल रंग फासला. पण एक देणगी मिळाली. माझी दोन्ही दारे बारीक बिजागऱ्यांवर बसवलेली होती. नखाने हलकेच ओढले की ती उघडत आणि टक् आवाज करून मिटत.

त्याच दिवशी कारखान्यात एक चूक झाली. जस्ताच्या कढईत कुणाच्या तरी हातून शिशाचा तुकडा पडला. जस्तात शिसे मिसळले, की धातूला आतून कीड लागते. वरून काहीच दिसत नाही. पुष्कळ वर्षांनी एक भेग उमटते, मग दुसरी, आणि हळूहळू अंगाचा भुगा होतो. या दुखण्यावर औषध नाही. मला मात्र तेव्हा त्याचा पत्ताही नव्हता.

आरेसिफेस या गावात, वर्तमानपत्रांच्या टपरीवर, मला देल्फोर बियांचोत्ती नावाच्या माणसाने घेतले. त्या गावात शर्यतीच्या मोटारींची नावे लेकरांना पाळण्यातच कळतात. देल्फोर तरुणपणी थोरला भाऊ आमेरिको याच्या शेजारी बसून शर्यतीत धावलेला होता. आमेरिको गाडी चालवी; देल्फोर पुढची वळणे सांगे, टायरवर नजर ठेवी, थांब्यावर उतरून तेल भरी. एका कच्च्या रस्त्यावर त्यांची गाडी उलटली. देल्फोर बाहेर फेकला गेला आणि आमेरिको गेला. त्या दिवसाबद्दल देल्फोर घरात एकच वाक्य बोलत असे, "तो जागीच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही." त्यापुढे कुणी विचारत नसे.

टपरीवर त्याने माझा रंग पाहिला नाही, आकडा पाहिला नाही. चालकाच्या बाजूचे दार नखाने उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि मला खिशात टाकले.

पुढची सगळी वर्षे दर रविवारी तेच चाले. जेवण झाले, की देल्फोर माते नावाच्या पानांचा कडू चहा घेऊन खिडकीशी बसे आणि डाव्या हातात मला धरून दार उघडमीट करी. त्याच्या अंगठ्याने माझ्या टपाचा लाल रंग पार घासून निघाला, खालचे करडे जस्त दिसू लागले. संग्राहकांना असली गाडी दाखवली तर ते नाक मुरडतील. मला मात्र तो डाग दागिन्यासारखा वाटे. आपले आपल्या माणसाला काम पडते, याहून मोठा मान तो कोणता?

मग देल्फोरची नजर गेली. आधी अक्षरे पुसट झाली, मग माणसांचे चेहरे, आणि शेवटी नुसता उजेड आणि सावली उरली. त्याचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला तेव्हा त्याच्या लेकीने, सुलेमाने, ठरवले की बाबांना त्यांची खरी गाडी परत द्यायची. ती त्या शर्यतीच्या गाडीचे जुने फोटो घेऊन वाल्दिनोकडे गेली. वाल्दिनो हा गावातला मोटारींच्या प्रतिकृती करणारा कारागीर, आणि जिभेने चांगलाच तिखट.

तो धातूला हात लावत नाही. पातळ रेझिन रबराच्या मऊ साच्यात ओततो, घट्ट होऊ देतो आणि मग महिनाभर सुई आणि कुंचला घेऊन बसतो. त्याचा साचा दहाबारा गाड्यांनंतर फाटतो. म्हणून त्याची प्रत्येक गाडी दुर्मीळ. रबर मऊ असल्यामुळे केसाएवढी रेघसुद्धा उमटते, पोलादाच्या साच्याला ते जमत नाही.

तो गाडी घेऊन घरी आला तेव्हा मी खिडकीतच होते. मी ती पाहिली आणि माझा जीव एवढासा झाला. मलईसारखा पांढरा रंग, बॉनेटवरचा चामड्याचा पट्टा, मडगार्डला आमेरिकोने कुंपणावर घासून आणलेला पोचा, दारावर दोघा भावांची नावे. सगळे जसेच्या तसे.

वाल्दिनोने मला चिमटीत उचलले. "हे काय गं सुले? ही गाडी म्हणायची की साबणाची वडी?"

"बाबांची आहे ती. असू दे."

"असू दे कुठे? माझ्या गाडीशेजारी ठेवलीस तर मी जेवणार नाही, सांगून ठेवतो."

सुलेमा हसली आणि तिने मला मेणबत्त्यांच्या खणात ठेवून दिले. राग कुणाच्याच मनात नव्हता, मित्रांनो. तिला वाटले, चांगली आली, आता वाईट कशाला? पण खणातल्या अंधारात मला पहिल्यांदाच थंडी वाजली, आणि बिजागरीपाशी काहीतरी बारीकसे तडकल्यासारखे वाटले.

वाढदिवसाच्या रविवारी अंगणात मांस भाजले, जेवणे झाली. खण अंगणाच्या दारासमोरच होता आणि त्याला फट होती, म्हणून मला सगळे दिसत होते. सुलेमाने नवी गाडी बाबांच्या हातावर ठेवली.

"ओळखा पाहू, बाबा!"

देल्फोरने ती तोलली. "हलकी आहे गं."

"रेझिनची आहे, काका," वाल्दिनो म्हणाला. "वजनाचं काय घेऊन बसलात? बोट फिरवा की. तुमची नावंसुद्धा लागतील हाताला."

देल्फोरचे बोट पट्ट्यावरून गेले, पोच्यापाशी थांबले. "हा... हा कुंपणाचा पोचा. अरे, तुला कसं रे समजलं?" तो खरोखर आनंदला होता. सुलेमाने डोळे पुसले. मीही खणात मान्य केले, की हे मला सात जन्मांत जमले नसते.

मग त्याचे बोट दारावर आले. दाराची फट हाताला लागत होती, कारण वाल्दिनोने ती हुबेहूब कोरली होती. चाळीस वर्षे धातूच्या गाडीवर वळलेले ते नख सवयीने त्या फटीत शिरले आणि ओढू लागले.

"काका, नको! ते उघडत नाही, सगळं एकसंध आहे!"

देल्फोरने ऐकले नाही. तो आणखी जोराने ओढू लागला. कट् असा आवाज झाला. काचेलगतची दांडी मोडली आणि टपाची कड चिरली. दार मात्र जागचे हलले नाही.

वाल्दिनो ताडकन उठला, पण देल्फोरचा चेहरा पाहून तसाच खाली बसला.

"उघडत नाही," देल्फोर म्हणाला. "तेव्हाही उघडलं नाही."

"बाबा? काय म्हणताय?"

"तो जागीच नाही गेला, सुले. खोटं बोललो मी. सगळ्यांशी."

तो खाली मान घालून बोलत राहिला.

"गाडी माझ्या बाजूवर पडलेली. वरचं एकच दार उरलेलं, आणि ते दबून बसलेलं. मी दोन्ही हातांनी ओढत होतो. आणि तो आतून... अगं, आमची एक चेष्टा होती. दर थांब्यावर मी आधी उतरायचो आणि बाहेरून त्याचं दार धरून ठेवायचो. 'साहेब, दार उघडा' म्हटल्याशिवाय सोडायचो नाही. थोरला असून म्हणायचा बिचारा, हसत हसत. त्या दिवशीही आतून म्हणाला, 'साहेब, उघडा की आता. पुरे झाली चेष्टा.' त्याला वाटलं मीच धरलंय, सुले. लोक येईपर्यंत त्याला तसंच वाटत होतं."

सुलेमाने त्याला जवळ घेतले. तो ऐंशी वर्षांचा माणूस लहान पोरासारखा रडला. मला चाळीस वर्षांच्या रविवारांचा अर्थ त्या क्षणी कळला, आणि माझ्या मनातली नव्या गाडीची असूया तिथेच संपली.

सुलेमाही समजली होती. ती धावत आत आली, तिने खण ओढला आणि मला नेऊन त्याच्या हातात ठेवले. त्याने माझे वजन ओळखले. अंगठा टपावरच्या डागावर बसला. नख दाराशी गेले.

आता मात्र मला भीती वाटली. बिजागरीची भेग आरपार गेली होती, हे मला ठाऊक होते. याही वेळी दार अडकले तर हा माणूस ते कसे सोसणार? मी एवढीच प्रार्थना केली, की तुटायचे असेल तर तुटू दे, पण उघडू दे.

दार उघडले, आणि उघडता उघडता बिजागरीचा भुगा होऊन ते त्याच्या बोटांत आले.

"अरेरे!" वाल्दिनो पुढे वाकला. "जस्ताला कीड लागलीय, काका. द्या इकडे. गोंदाचा एक थेंब लावतो, दार पक्कं बसेल. उघडणार नाही, पण दिसायला..."

"हात लावू नकोस," देल्फोर म्हणाला. त्याने त्या मोकळ्या जागेत बोट घातले आणि ते बराच वेळ तिथेच ठेवले. मग दार सुलेमाच्या हातावर ठेवून हळूच म्हणाला, "झालं रे आमेरिको. ये बाहेर."

मित्रांनो, आता मी आणि ती पांढरी गाडी एकाच फळीवर असतो. वाल्दिनोने तिची दांडी जोडून दिली. उन्हाने रेझिनला बाक येतो, म्हणून सुलेमा तिला खिडकीपासून दूर ठेवते, आणि माझा दमट हवेत भुगा होतो म्हणून मला कोरड्या कापडावर ठेवते. कोण श्रेष्ठ, हा वाद आमच्यात उरलेला नाही. तिच्यात जे आहे ते माझ्यात नाही, आणि माझ्यात होते ते तिच्यात नव्हते.

माझे आयुष्य आता फार नाही. म्हणून एक विनंती करते. तुमच्याही घरात कुणा म्हाताऱ्या माणसाच्या हातात एखादी घासलेली, रंग उडालेली वस्तू असेल. तिच्याहून सुंदर वस्तू तुम्ही जरूर आणा. पण जुनी खणात टाकण्याआधी त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, की तुम्ही हिचं रोज काय करता? सुलेमा आता दर रविवारी विचारते. आणि देल्फोर तिला आमेरिकोबद्दल सांगत बसतो, चहा गार होईपर्यंत.