मगनची किल्ली
राजदीप अहिरे सोनगीरच्या त्या अंगणात पोचला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि त्याची कंबर सकाळपासूनच बोलत होती. धुळ्यात पारोळा रोडला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. एकेकाळी बल्ब, हॉर्न, सेल्फ एवढ्यावर दिवस निघायचा. आता प्रत्येक गाडीला स्वतःचं डोकं आलं होतं आणि पन्नाशीनंतर त्या डोक्याशी डोकं लावणं त्याच्या जिवावर यायचं.

तिथे, आपल्या सासरी, बोलावलं होतं कोकिळाने. ती शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी आरोग्यसेविका होती. नवरा जाऊन सात महिने झाले होते. गाडी तिच्या नावावर, तिच्याच पगारातून घेतलेली. चालवायचा मात्र बहुतेक तोच. तो गेला आणि धाकट्या दिराने, मगनने, दोन्ही किल्ल्या खिशात घातल्या. आठवड्यातून एकदा तो गाडी सुरू करून बंद करायचा, पण कोणाला हात लावू द्यायचा नाही. कोकिळा एसटीने उपकेंद्रापर्यंत आणि पुढे लसींचा डबा खांद्याला लावून पाड्यांवर पायी जात होती. किल्ली तिने तीनदा मागितली. तीनदा तो म्हणाला, "बघू."

शेवटी गाडीसोबत आलेल्या पट्टीवर किल्लीचा नंबर होता, त्यावरून तिने एक किल्ली कापून घेतली.

"दार उघडलं हो भाऊ," ती म्हणाली, "पण उघडल्याबरोबर गाडीनेच बोंब ठोकली. इंजिन सुरू होतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं."

"आधी कागद दाखवा, ताई."

एका गोड बोलणाऱ्या माणसाला त्याने चार वर्षांपूर्वी अशीच किल्ली करून दिली होती. गाडी चोरीची निघाली. त्यानंतर तीन महिने पोलीस ठाण्याच्या बाकावर बसून त्याचा माणसांवरचा विश्वास झिजला होता. त्याने आरसी बुक बघितलं, आधार बघितलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि गाडीत वाकला.

"तुमच्या किल्लीत नुसतं लोखंड आहे," स्टिअरिंगखाली स्कॅनरची वायर जोडत तो म्हणाला. "खऱ्या किल्लीच्या मुठीत तांदळाएवढी चिप असते. किल्ली लावली की कुलपाभोवतीची तार तिला विचारते, तू कोण? उत्तर बरोबर आलं तरच डॅशबोर्डमागचा डबा इंजिनाला चालू राहू देतो. दारं, दिवे, हॉर्न, वायपर, सगळा कारभार त्याच्याच हातात. रिमोटशिवाय दार उघडलं म्हणून त्यानेच तुम्हाला चोर ठरवलं."

"माझ्याच गाडीत."

"त्याला नाव-गाव कळत नाही, ताई. चिप कळते."

शोरूमने कागद बघून तिला दिलेला कोड त्याने टाकला. स्कॅनरने दहा मिनिटं थांबायला सांगितलं. चोराला घाई असते, म्हणून हे थांबणं. राजदीप ओट्याला टेकला. सासू कुंदाबाई चहा घेऊन आली.

"मगनले समजनं तं भांडण व्हई," ती हळूच म्हणाली. मग गाडी सुनेचीच असल्याचं मान्य करत, "पण गाडी तिनीच शे."

"नवी किल्ली नोंदली की जुन्या पुसल्या जातील," राजदीपने कोकिळाला सांगितलं. "त्या किल्ल्यांनी दार उघडेल, पण गाडी चालणार नाही."

"पुसू द्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

राजदीपने सोबत आणलेली, चिप असलेली नवी किल्ली गाडीने ओळखली. लुकलुकणारा लाल दिवा विझला, इंजिन सुरू झालं आणि सुरूच राहिलं. तेवढ्यात शेतातून मगन आला. त्याने राजदीपकडे पाहिलंही नाही; किल्लीच्या खिशावर हात ठेवून म्हणाला,

"वहिनी, किल्ली मन्हाजोडे शे. तुम्ही गाडी कशी नेतात, बघतो."

कोकिळाने इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि बाजूला झाली. मगन सीटवर बसला, खिशातली किल्ली लावली. इंजिन घुरघुरलं, विझलं. परत फिरवली. परत विझलं. लाल दिवा भराभर लुकलुकू लागला. तिसऱ्यांदा तर इंजिनाने आवाजही केला नाही.

"भाऊ, आता ती किल्ली चालायची नाही," राजदीप म्हणाला. त्याला वाटलं, आता हा अंगावर येणार. अंगात भांडायचं त्राण नव्हतं; त्याने स्कॅनर तेवढा छातीशी धरला.

पण मगन उतरलाच नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिला. मग म्हणाला, "दादाची सीट मी मागेपुढे केली नाही. त्याचे पाय लांब होते. रोज येऊन बसायचो."

कुंदाबाईने पदर तोंडाला लावला.

"भाऊ, त्यांची किल्ली परत नोंदता येते?" कोकिळाने राजदीपला विचारलं.

"येते. पाच मिनिटांचं काम."

ती मगनकडे बघत राहिली. तेवढ्यात ती मनाने पायी तुडवलेले किती पाडे फिरून आली, राजदीपला कळलं नाही.

"नको," ती शेवटी म्हणाली. "मगनभाऊ, बसायचं असेल तर शिरपूरला या. मी दार उघडून देईन. पण आता उतरा. उद्या लसीकरण आहे."

मगन उतरला. तिने सीट पुढे ओढली, तेव्हा त्याने मान फिरवली.

हायवेला लागल्यावर कोकिळाची गाडी शिरपूरकडे वळली, सावकाश, उजव्या बाजूचा इंडिकेटर विसरून तसाच चालू ठेवून. राजदीपने हॉर्न वाजवून सांगावं म्हटलं, पण ती लांब गेली होती. त्याने धुळ्याचा रस्ता धरला. अजून एका ट्रकचं वायरिंग बाकी होतं.